कावळे विसरतात कधी?

सांगवीच्या सर्जेरावांना रोज सकाळी जगातला एखादा तरी नवा शोध कळल्याशिवाय चहा गोड लागत नसे. शोध लावायचे कुणी जपानात, कुणी अमेरिकेत. ते सांगवीपर्यंत पोचवायची जबाबदारी मात्र सर्जेरावांची. ती त्यांच्यावर कुणी टाकली नव्हती, पण म्हणून काही ती हलकी होत नाही.

गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, विकाऊ म्हशीचे फोटो आणि कॅनॉलला पाणी कधी सुटणार याची भांडणं सुखानं नांदत असत. त्यात मधेच सर्जेराव येऊन सांगून जात की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. किंवा झाड तहानलं की टिकटिक आवाज करतं, फक्त तो माणसाला ऐकू येत नाही. त्यावर गाव काय करणार? एकानं एकदा लिहिलं होतं, "मग मोटार चालू करा की." सर्जेरावांनी ती प्रतिक्रिया आठवडाभर जपली, कारण तेवढी एकच आली होती.

हे शोध ते स्वतःही पुरते वाचत नसत. वरचा ठळक मथळा वाचायचा, फोटो बघायचा आणि पुढं ढकलायचा. खालचा मजकूर लांबलचक असतो. शिवाय जग वाट बघत थांबलेलं असताना वाचत कोण बसणार?

ही सवय जुनी होती. सर्जेराव साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाच्या फडाला कधी कोयता लागणार, ती चिठ्ठी त्यांच्या हातून शेतकऱ्याला जायची. हंगामात माणसं त्यांच्या मोटारसायकलीमागं पळायची. "सर्जेराव, आमची तोड कवा?" सर्जेराव गाडी न थांबवता म्हणायचे, "उद्या सांगतो." एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खी नोकरी मानानं काढली. खरं उत्तर त्यांना ठाऊक नसायचं. ते वरच्या साहेबाला ठाऊक आहे असा सगळ्यांचा समज होता, आणि साहेबानंही तो मोडला नाही.

मग रिटायर झाले. ज्या माणसाला चहा पाजायला टपरीवर चढाओढ चालायची, त्याला आता टपरीवाला साखर कमी का जास्त एवढंही विचारेना. त्यातच पोरानं, रणजितनं, जुना मोबाईल त्यांच्या हाती दिला. ग्रुपवरच्या बऱ्याच जणांनी त्याबद्दल रणजितला अजून माफ केलेलं नाही.

जगात सर्जेरावांचं ऐकणारं माणूस एकच होतं. त्यांची थोरली बहीण, झुंबरअक्का. लग्न होऊन इंदापूरकडं गेली, पदरी मूलबाळ नसताना तरणीच विधवा झाली आणि भावाच्या घरी आली ती कायमची. सर्जेरावांची बायको गेल्यावर घर तिनंच सावरलं. अक्काला वाचता येत नव्हतं. सकाळी ती पायरीवर बसून कावळ्यांना भाकरीचे तुकडे टाकी आणि सर्जेराव चहा पीत मथळे वाचून दाखवत.

पण अक्काला एक वाईट खोड होती. ती प्रश्न विचारायची.

"गायींना बी जीवाभावाच्या मैतरणी असत्यात म्हनं," सर्जेराव सांगत.

"अगंबाई! मंग एक इकली तर दुसरीचं काय हुतं?"

आता हे मथळ्यात कुठून असणार? सर्जेराव कप खाली ठेवत आणि म्हणत, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी नवा शोध आलेला असे. अक्काचे असे पुष्कळ प्रश्न तसेच पडून होते. ती पुन्हा विचारत नसे. ऊस उभा असलेले शेतकरीही शेवटी विचारायचं सोडून द्यायचे, तसंच.

एक दिवस कावळ्यांचा शोध आला. सर्जेरावांनी तो जरा नाराजीनंच वाचला, कारण कावळ्यांशी त्यांचं वैर होतं. उन्हाळ्यात सून वृषाली गच्चीवर कुरडया घाली. त्यांच्या राखणीचं खातं सर्जेरावांनी आपणहून घेतलं होतं. बांबूच्या टोकाला काळी पिशवी बांधून ते कावळ्यांमागं असे धावत की खालच्या गल्लीतली पोरं बघायला जमत.

"कावळं माणसाचं तोंड ध्यानात ठेवत्यात," सर्जेरावांनी वाचलं. "कुणी छळलं तर वर्षानुवर्षं इसरत न्हाईत. टोपी घातली तरी वळखत्यात. आन् बाकीच्या कावळ्यांनाबी सांगत्यात."

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "मंग तुझं काय खरं न्हाय, सर्जा! सगळ्या नीरा खोऱ्यात तुझं नाव झालं आसंल." मग डोळे पुसत तिनं विचारलं, "आन् इसरत्यात कवा?"

"उद्या सांगतो," सर्जेराव म्हणाले.

त्या दुपारी अक्का जरा पडते म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्यानंतर सर्जेरावांनी ग्रुपवर एकही शोध टाकला नाही. सुतकात कसले शोध? पण रोज एकदा ते ग्रुप उघडून बघत. कुणीतरी विचारेल, सर्जेराव, आजकाल काही येत नाही तुमचं? दोनशेवर माणसं होती. एकानंही विचारलं नाही. उलट एकानं लिहिलं, "हल्ली ग्रुप कसा सुटसुटीत वाटतोय." ते दुसऱ्याच कशाबद्दल असेल, अशी सर्जेरावांनी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

दहाव्याला नीरेच्या घाटावर गाव जमलं. आमच्याकडं दहावा म्हणजे पुढाऱ्यांचा दिवस. मांडव असतो, माइक असतो, कर्णा असतो आणि गेलेल्या माणसाला जिवंतपणी कधीही न भेटलेली माणसं त्याच्याबद्दल गळा दाटून बोलतात. कारखान्याचे एक माजी संचालक उठले. गावात त्यांना तात्या म्हणत. झुंबरअक्कांचं सहकार चळवळीतलं योगदान तालुका विसरणार नाही, असं ते म्हणाले. अक्काचं सहकारातलं योगदान म्हणजे ती शेजारणीला विरजण देत असे. तरी टाळ्या वाजता वाजता राहिल्या.

भाषणं संपली, पिंड मांडला. शेजारी केळीच्या पानावर अक्काच्या आवडीची भजी ठेवली. सर्जेरावांचं डोकं आणि मिशी सकाळीच उतरली होती. ते हात जोडून उभे राहिले आणि सगळ्यांनी घाटावरच्या बाभळीकडं बघितलं.

बाभळीवर कावळे होते. चांगले आठ-दहा होते. ते इकडंच बघत होते. एकही खाली येईना.

पहिली पाच मिनिटं माणसं गप्प राहिली. मग कुजबुज सुरू झाली. म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय. अशा वेळी जे करतात ते सुरू झालं, म्हणजे एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायला सुरुवात केली. रणजित म्हणाला, "आत्या, तुझी गाय इकणार न्हाय." गायीला गिऱ्हाईक त्यानंच आणलं होतं. वृषाली म्हणाली, "अक्का, तुमच्या तुळशीला रोज पाणी घालीन." कावळे हलले नाहीत. तेव्हा तात्यांनी माइकवरून जाहीर केलं की अक्कांच्या नावानं गावाच्या वेशीवर कमान उभी राहील. कावळ्यांना कमानींचा अनुभव असावा. दोघं उडून आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसले.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं जळोचीला दुसरा दहावा होता. "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. काही बिघडत नाही."

"थांबा, गुरुजी," सर्जेराव म्हणाले.

गवताचा कावळा करून अक्काची बोळवण करायची? जन्मभर जिला उद्यावर ढकलली, तिला शेवटच्या दिवशीही नुसतं गुंडाळायचं? आणि कावळे का येत नव्हते, हे इथं जमलेल्या माणसांत फक्त त्यांनाच कळत होतं. मिशी नसली म्हणून काय झालं! टोपीनं न फसणारे मिशीनं कसे फसतील? आपल्या थोबाडापायी आपली बहीण अडकून पडलीये. एक मन हे म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, थोबाडाचं सोड रे, तिला उत्तर पाहिजे. ती विचारून गेलीये.

ते पिंडासमोर उकिडवे बसले. शब्द द्यायला थोरला माणूस पुढं आला म्हणताना तात्यांनी तत्परतेनं माइक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"अक्का," सर्जेराव म्हणाले, आणि कर्ण्यातून ते नदीपलीकडंही ऐकू गेलं, "त्ये कावळं कवा इसरत्यात, त्ये मला ठाऊक न्हाय."

गुरुजींनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"मी उद्या सांगतो म्हणलो, पर मी वाचलंच न्हाय. नुसतं वरचं वाचलं. गायीचं बी न्हाय वाचलं. मी कंदीच काय पुरतं वाचलं न्हाय, अक्का. तुला वाटायचं, सर्जाला लय ठावं हाय. मला कायबी ठाऊक नव्हतं." त्यांचा आवाज फाटला. "तोडीचं बी नव्हतं."

शेवटच्या वाक्यावर मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांचे ऊस एके काळी वाळले होते.

"आबा, काय बोलताय?" रणजित कानाशी येऊन पुटपुटला.

"आता समदं वाचतो," सर्जेराव पिंडाला म्हणाले. "मग सांगतो." उद्या हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला. मग ते उठले, मांडवाबाहेर जाऊन भांड्यांच्या टेम्पोमागं गेले आणि नदीकडं पाठ करून खाली बसले. उपरण्यात तोंड घालून ते लहान पोरासारखे रडले.

थोड्या वेळानं मागून गलका आला, "शिवला! शिवला!"

सर्जेरावांनी काही तो बघितला नाही. कावळा का शिवला, हे मात्र चहा होईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. तात्यांच्या मते कमानीमुळं. रणजितच्या मते गायीमुळं. गुरुजींच्या मते मुहूर्त आत्ताचाच होता. कर्णा बंद झाल्यामुळं शिवला असेल, असं एक पोरगं म्हणालं, त्याला मोठ्यांनी गप्प केलं. सर्जेरावांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं, ठाऊक न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर बसले आणि कावळ्यांचा तो मजकूर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. फार वेळ लागला. मधे दोनदा चष्मा पुसावा लागला, चहा गार झाला. अक्काचं उत्तर अगदी तळाशी होतं. त्यांनी मान वर करून शेजारची रिकामी पायरी बघितली. मग मोबाईल खिशात टाकला. ग्रुपवर काही पाठवलं नाही.

स्वयंपाकघरातून त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली. वृषालीनं ती दिली. ते गच्चीवर गेले, या वेळी बांबूशिवाय. त्यांना बघताच कठड्यावरच्या कावळ्यांनी जो कालवा केला, तो शेजारच्या वस्तीपर्यंत गेला असेल.

सर्जेरावांनी तुकडे करून कठड्यावर ठेवले आणि लांब जाऊन टाकीच्या सावलीला बसले.

"वराडा, वराडा," ते म्हणाले. "इसराया सतरा वर्षं लागत्यात म्हनं. मी बसतो हितंच. मला तरी दुसरं काय काम हाय?"