तांबडशेपट्याचा पासपोर्ट फोटो

आमचे काका पासपोर्ट फोटो काढतात. दुकान एवढंसं: एक स्टूल, मागे पांढरा पडदा, कोपऱ्यात आरसा आणि कंगवा. गिऱ्हाईक बसलं की काका सुरू होतात, "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." जन्मात त्यांनी कुणाचा छातीखालचा फोटो काढलेला नाही.

अशा माणसाने एकदा सांगितलं, की डोंगरापलीकडच्या वर्षावनात आपण तांबडशेपट्या पाहिला. हा पक्षी तिथून केव्हाच नाहीसा झालाय, असं जाणकार सांगतात. झालं! गल्लीने काकांची यथेच्छ टिंगल केली. गल्लीचं काय, तिला बसल्या जागी करमणूक हवीच असते. पण काकूही म्हणाली, "कोंबडा पाहिला असेल." ते मात्र काकांच्या जिव्हारी लागलं. बायकोने तरी विश्वास ठेवायला हवा होता.

"चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "फोटोच काढून दाखवतो."

"चला. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

जंगलात काकूला जळवा चिकटल्या, काका चिखलात सपशेल आडवे झाले, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. बहुधा त्या शांततेमुळेच पक्षी आला. समोरच्या फांदीवर, अगदी पाठमोरा. लालभडक शेपटी खाली लोंबत होती. काकू बघतच राहिली. काका कॅमेरा डोळ्याला लावून ढिम्म!

"अहो, काढा की!" काकू कुजबुजली.

"पाठमोरा कसा काढू? चेहरा नको दिसायला?"

असं म्हणून त्यांनी दुकानात तान्ह्या बाळांसाठी वाजवतात तशी चुटकी वाजवली. पक्षी फांदीवर वळून बसला. काकांनी छातीपर्यंतचा फोटो काढला आणि पक्षी भुर्रकन उडाला.

फोटो अप्रतिम आला. डोळे उघडे, मान सरळ, नजर समोर. शेपटीचा पत्ता नाही! पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, या तोंडाचे पक्षी ढिगाने आहेत. याच्या नावातच शेपटी आहे, ती कुठाय?" गल्ली पोट धरधरून हसली. काका मान खाली घालून बसले. मला त्यांची फार दया आली, आणि हसूही आवरेना.

तेवढ्यात काकू बाह्या सरसावून दारात उभी राहिली. "शेपटी होती! हातभर लांब! मी या डोळ्यांनी पाहिलीय!"

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" शेजारी म्हणाले.

आता काकूच्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही. काका म्हणतात, गल्ली गेली उडत.