काळी पोत ऑनलाइन विकायला काढली तेव्हा

आमचं दुकान म्हणजे अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीतला एक ओटा आणि त्याला लागून पाय पसरता येतील एवढी खोली. बाबा पटवी. दोऱ्यात मणी ओवून काळी पोत गाठवणं हे त्यांचं काम. बाई ओट्यावर येऊन बसायची, डोरलं आणि सोन्याचे मणी रुमालातून काढून द्यायची, आणि बाबा दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून तिच्यासमोर ओवत जायचे. ओवून झालं तरी शेवटची गाठ ते मारत नसत. बाईनं पोत गळ्याला लावून कुठवर यावी ते सांगायचं, मग सोबतच्या सासूनं किंवा जावेनं मानेमागं ती गाठ मारायची. गाठ मारून तयार ठेवलेली पोत आमच्याकडे कधी कुणाला दिली गेली नाही.

या कामावर मी बी.कॉम. झाले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत बाबा मला ओट्यावरचं पाणीसुद्धा भरू देत नसत. ते मी विसरू शकत नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी पदवीधर झाले ते बोंडअळीचं साल. त्याआधीची दोन-तीन वर्षंही काही बरी नव्हती. कापूस घरात आला की तिवसा, चांदूरकडच्या बाया लगीनसराईआधी पोत नवी करायला यायच्या. त्या साली आल्या त्या वेगळ्याच कामाला. एक म्हातारी हळूच म्हणाली, "सोन्याचे मणी काढून दे बापू, तिथी पितळेचे घाल. सुनेले सांगजो नको." बाबांनी मणी काढून तिच्या हातावर ठेवले आणि पितळेचे इतके बेमालूम ओवले, की ते ओळखू येईनात म्हणून ती रडायला लागली. गावोगावी सामुदायिक लग्नं होत होती. तिथं साऱ्या नवरींना एकसारखी, कारखान्यातून आलेली मंगळसूत्रं मिळायची.

अकोल्याला मामाचं इमिटेशन दागिन्यांचं मोठं दुकान. संक्रांतीला तो आला आणि जेवताना बाबांना म्हणाला, "भाऊजी, माह्या काउंटरवर बसा. बडनेऱ्याहून गाडी हाये, रोज येणंजाणं होते. पाडव्यापर्यंत सांगा, मंग मले लग्नाच्या सीझनसाठी दुसरा माणूस पाहा लागन."

बाबांनी ताट सरकवलं. भात तसाच ठेवून उठले. मीच म्हणाले, "पाडव्यापर्यंत मी ऑर्डरी आणून दाखवते. ऑनलाइन."

मामा हसला. "हाव ना, ग्रॅज्युएट बाई."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. तिथले चाचा माझे सगळे फॉर्म भरून देत आलेले. मी प्रश्नपत्रिका सोडवावी तशी तीन रकाने आखले होते. एक देशभर चालणारी मोठी साइट: माल घरून उचलणार, पण परत पाठवायची मुभा गिऱ्हाइकाला. दुसरी हातकामाच्या वस्तूंची: तिथं दुकानदारानं स्वतःबद्दल, कामाबद्दल लिहायचं, गिऱ्हाइकाशी बोलून माप ठरवायचं, सगळं इंग्रजीतून. तिसरं मोबाइलवरचं ॲप, बाया नातेवाइकांत माल विकतात ते, पण तिथं सगळ्यांत स्वस्त तोच खपणार.

चाचांनी दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "बेटा, ये तुमारे काम का है. अब्बा का हाथ का काम हाये ना. मापबी पूछ सकते."

"चाचा, फोनवर इंग्रजी बोलावं लागेल."

"तो बोलो. पढाई कायले केली मंग?"

मी मोठी साइट निवडली. मोठी आहे, लोकांना माहीत आहे, असं मी सांगितलं. खरं कारण इंग्रजीचं होतं. एका मुलाखतीत मी पहिल्याच प्रश्नाला गप्प बसले होते, आणि ती चार माणसं माझ्याकडे ज्या दयेनं बघत राहिली, ती दया मला पुन्हा नको होती. हे मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही.

घरी येऊन त्यांना सगळं समजावलं. ते ऐकत होते. मग विचारलं, "बाई कुठी बसन?"

"बाई येत नाही बाबा. ती तिच्या घरूनच मागवते."

"मंग माप कोन घेईन?"

"अठरा इंच, चोवीस इंच, असं लिहायचं."

"इंचानं कपडा मोजतेत, माय," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चांगला रेशमी दोरा काढला आणि बसले.

फोटोचा प्रश्न आला. साइटला गळ्यातला फोटो हवा होता. माझं लग्न झालेलं नाही, मी काळी पोत घालायची नाही. आई आपली काढून दुसरी घालायला तयार नाही. "फोटोसाठी सौभाग्य उतरवू का?" शेजारणीही हेच म्हणाल्या. शेवटी आईनं पितळी तांब्या घासून दिला. त्याच्या मानेला पोत बांधली, मागं बाबांचं धुतलेलं धोतर टांगलं. तांब्यावर माझाच चेहरा दिसत होता, तो चाचांनी कॅफेतल्या संगणकावर पुसला.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली ऑर्डर आली, मग आणखी सहा. नावं वाचूनच बाबा खूश. कुठली कुठली गावं. प्रत्येक पोत त्यांनी ओवली, दोऱ्याची टोकं वीतभर मोकळी ठेवली, मणी सरकू नयेत म्हणून टोकांना मेण लावलं. मी त्या पुड्यांत भरल्या, पत्ते चिकटवले. टोकं मोकळी आहेत हे मला दिसत होतं. मी लहानपणापासून पोत तशीच बघत आले होते. गाठ तिच्या घरी, तिच्या गळ्यावर बसेल, यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्या दोघांच्याही मनात ते आलं नाही.

आठवड्याभरात सातांपैकी पाच पुड्या परत आल्या. चाचांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका बाईनं फोटो टाकला होता: फरशीवर विखुरलेले काळे मणी आणि हातात रिकामा दोरा. खाली लिहिलं होतं, तुटका माल पाठवला. दुसरीनं लिहिलं होतं, लग्नाच्या घरात तुटकी पोत आली, अपशकुन केला.

"बेटा, गाठ नाई मारली?" चाचांनी विचारलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कुणालाही ते समजावून सांगायची वेळ निघून गेली होती.

अपशकुनाचं मी बाबांपासून लपवलं, पण आईनं सांगून टाकलं. बाबा बराच वेळ हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "आन, गाठी मारून देतो." त्यांनी दहा पोती गाठ मारून तयार केल्या. प्रत्येक गाठीच्या आधी ते थांबत आणि मला विचारत, "ही कोनाची?" मी म्हणे, "माहीत नाही बाबा."

त्या दहा कुठंच गेल्या नाहीत. साइटनं आमचं दुकान बंद केलं होतं. मी इंग्रजीत अर्ज केला, चाचांनी दुरुस्त केला. नकार लगेच आला, इतक्या लगेच की अर्ज कुणी वाचलाच नव्हता हे कळत होतं. हातकामाच्या साइटवर नव्यानं सुरू करू, असं मी घरी म्हणाले. तोवर पाडवा चार दिवसांवर आला होता. बाबा म्हणाले, "राहू दे. मामाले फोन लाव."

ओटा आता एका मोबाइल कव्हरवाल्याकडे आहे.

उन्हाळ्यात मी अकोल्याला एक परीक्षा द्यायला गेले होते. ती संपवून दुकानात गेले. बाबा काउंटरमागं उभे होते, तिथं बसायची पद्धत नाही. त्यांनी एका गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली, "आमची पोरगी. ग्रॅज्युएट हाये." मामा आतून आला. "बरं झालं आली तू. आपलाबी माल टाकून दे ना ऑनलाइन. तुले तर सगळं माहीतच हाये."

मला सगळं माहीत होतं. तयार माल, मशीनची कडी, ठरलेली लांबी. कुठली साइट, हे ठरवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्याच महिन्यात ऑर्डरी आल्या, अजून येतात. एकही परत आलेली नाही. मी अमरावतीहून पत्ते छापते आणि सकाळी बाबांच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. अकोल्याला पोहोचून ते पुड्या भरतात. मामा म्हणतो, पॅकिंगमध्ये भाऊजींचा हात धरणारा कुणी नाही.