निवेदनाशिवायचे दोन खेळ

आमच्या पेठेतल्या मंडळाच्या अध्यक्षांना लोक रडलेले फार आवडतात. स्वतः ते रडत नाहीत. त्यांना सवड नसते. गणपतीतल्या सजीव देखाव्याचे संवाद दरवर्षी मी लिहितो, कारण मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि अध्यक्षांच्या मते प्राध्यापकाला निवृत्तीनंतर काही काम नसतं. नोकरीत असतानाही नव्हतं, असं ते माझ्या मागे म्हणतात.

आमच्याकडच्या सजीव देखाव्यात स्टेजवरची माणसं बोलत नाहीत. संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतात आणि तेच संध्याकाळभर पुन्हा पुन्हा वाजतात. स्टेजवरचे फक्त ओठ आणि तलवारी हलवतात. ही सोय शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीनं बरोबर हेरली. तिचे पाय जन्मापासून अधू. दोन कुबड्यांवर चालते. अभिनय करायचा हे तिनं लहानपणीच ठरवलं होतं, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला दरवर्षी झाड करत. तेही कडेचं. यंदा ती येऊन म्हणाली, "काका, राणी मी बोलते. उभी कुणीही राहू दे."

वेढा पडलेल्या किल्ल्यातल्या राणीचं काम होतं. मुलाला चोरवाटेनं बाहेर पाठवायचं आणि मग तलवार उपसून मोठं भाषण करायचं. तिनं ते स्टुडिओत एका दमात म्हटलं. मी म्हणालो, "छान." रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "एक नंबर." अध्यक्ष म्हणाले, "काटाकिर्र."

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. 'जिद्दीला सलाम.' अध्यक्षांचा फोटो मोठा, तिचा लहान. तिच्या कुबड्या मात्र स्पष्ट दिसतील अशी काळजी घेतलेली. प्रत्येक खेळाआधी अध्यक्ष स्वतः माइकवरून सांगणार होते की राणीचा आवाज एका दिव्यांग कन्येचा आहे.

तिनं एकच मागितलं. "न सांगता लावा की. एकदा तरी. लोकांना आवाज कसा वाटतो ते मला ऐकायचंय."

मी तिच्या वतीनं अध्यक्षांकडे गेलो. शेवटी सांगा, असं सुचवून पाहिलं.

"सर, तुमचं पुस्तकातलं राहू द्या," ते म्हणाले. "आदी सांगितलं की पब्लिक रडतंय. मागनं सांगितलं तर पब्लिक तवर फुडच्या मंडळाला गेलेलं असतंय."

"पण ती चांगलं बोलत असेल तर तसंही रडतील."

"आणि न्हाय रडली तर? जबाबदारी कुणाची?"

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला, पायांनी साथ सोडली तरी मनाचे पंख कसे असतात ते वीस मिनिटं समजावलं, आणि मग खाली वाकून विचारलं, "बाळ, तू नेमकं काय करतीस?" ती उत्तर देणार तोवर फोटो काढून झाला होता. देखावा सुरू झाला तेव्हा राणीनं तोंड उघडण्याआधीच बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. स्टेजकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पहिल्या रांगेतल्या तिच्याकडे बघत होते, आणि ती मांडीवरच्या नारळाकडे.

तिसऱ्या संध्याकाळी अध्यक्ष पाहुण्यांबरोबर दुसऱ्या मंडळाच्या आरतीला गेले. साउंडवाल्यानं विचारलं, "निवेदन कोण करणार?" ती म्हणाली, "दादा, नुसतं लावा." त्याला काय, त्यानं लावलं. आम्ही खुर्च्या सोडून समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर गर्दीत जाऊन बसलो. कुबड्या तिनं पाठीमागे आडव्या टाकल्या.

कुणी रडलं नाही. पोरं कणसं खात होती. शेजारी मुरगूडहून आलेल्या दोघी जावा होत्या. मुलाला निरोप देताना राणीचा आवाज खाली आला, तशी थोरली पुढे झुकली. मग तलवार निघाली.

"ही राणी लई वरडतीया की," थोरली म्हणाली.

"नवरा बहिरा असंल," धाकटी.

"मगाशी पोराला लावून देताना कशी बोलली, मला माझं पोर आठवलं बाई. आणि आता बग, बाजार मांडलाय."

मी मधे बोलणार होतो. मुलीनं माझा हात दाबला आणि स्वतःच विचारलं, "मावशी, कुठनं वरडाय लागली ती?"

"ते तलवार काढल्यापासनं. हातात तलवार हाय न्हवं? मग वरडायचं कशाला?"

दुसरा खेळही निवेदनाशिवाय झाला. तो तिनं डोळे मिटून ऐकला. तोवर अध्यक्ष परतले आणि लोक पुन्हा रडू लागले.

घरी जाताना तिनं विचारलं, "काका, तुम्हाला स्टुडिओतच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाही?"

तीस वर्षं मी धडधाकट मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या. त्यांतली काही रडलीही. हिच्यासमोर मात्र मी 'छान' या एका शब्दात मोकळा झालो होतो. अध्यक्षांना तीच कीव करायला निदान माइक लागायचा. यातलं काही मी तिला सांगितलं नाही. "चुकलं," एवढंच म्हणालो. कुबडीनं फाटक लोटून ती आत गेली.

भाषण पुन्हा रेकॉर्ड करू या, असं मी अध्यक्षांना सांगितलं. "पब्लिक रडाय लागलंय आणि तुमी बदलाय निघालाय?" म्हणाले. विसर्जनापर्यंत राणी तशीच ओरडत राहिली.

त्यानंतर आठवड्याभरानं तिच्या आईच्या फोनवरून एक ध्वनिसंदेश आला. तेच भाषण, सोबत एक अक्षरही नाही. मी दोनदा ऐकलं आणि लिहिलं, "तलवारीपर्यंत चांगलं. पुढच्या वाक्यात अजून चढतेस, आणि शेवटी श्वास पुरत नाही."

आभार वगैरे काही आले नाहीत. दहा मिनिटांनी दुसरा संदेश आला. श्वास पुरला होता, आवाज अजून चढत होता. मी तसं कळवलं.