नाक्यावरच्या बारसाठी लिहिलेला अर्ज

मोहोपाड्याच्या नाक्यावरचा बार बंद करण्यासाठी मतदान घ्या, हा बायकांचा अर्ज मी लिहिला होता. आळीत कॉलेजला जाणारी मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आई म्हणाली, "लिही गं, चांगलं झणझणीत लिही. तुझा बाप तितं बसला की हितं भाकर गार होते." मतदान झालं, बाटली आडवी झाली आणि बारचं शटर पडलं ते कायमचं.

कारखान्यातली पहिली पाळी सुटली की बाबा थेट घरी येऊ लागले, पण जेवायला बसेनात. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. आई वैतागली, "आता कुनाची वाट बघताय?"

"आमच्या प्लँटातल्या चौघांची," ते म्हणाले. "बारमदी शेवटचा गडी येईपर्यंत कोन पेल्याला हात लावत नव्हता. एकदा टाकी धुवायला उतरलेला एक जण आलाच नाय. आमीच परत जाऊन, ग्यासनं बेसुद पडलेला त्याला भाईर काढला."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर अर्ज लिहिला नसता का, ते मला अजून सांगता येत नाही. पिऊन आलेले बाबाही मला आठवतात.

हल्ली मीही त्यांच्याजवळ ओट्यावर बसते. चौघं आपापल्या गाडीवरून, हात वर करून जातात. शेवटचा गेला की बाबा गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि आत येतात. भाकरी तोवर गारच झालेली असते.