धरमपेठेतली अमेरिका

अमेरिकेची समता शिकायला नागपूरला जायचं असेल, तर घरूनच जेवून निघा. सत्तरच्या दशकात हा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

मी तेव्हा उमरेडला नागरिकशास्त्र शिकवायची. नागपूरच्या एका मंडळाने शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली: 'अमेरिकेची मूलतत्त्वं आणि नागरिक'. पहिल्या नंबराला कॉलेजची फी आणि होस्टेल! माझ्या वर्गातल्या वंदनाला तो नंबर हवाच होता. बाबांनी तिला बजावलं होतं, "नंबर आला त कालेज, नाई त पाहुणे येतेत तुले पाहाले."

एसटीने हाडं खिळखिळी केली. नागपूरला उतरल्याबरोबर तर्री-पोहे खा, तेवढं चुकवू नका. डोळ्यांतून पाणी येतं, पण शीण जातो.

मुक्काम धरमपेठेत, मंडळाच्या अध्यक्षांच्या बंगल्यात. साहेब अमेरिकेत राहून आलेले, आणि ते दर तिसऱ्या वाक्याला सांगणारे. त्यांच्या बाईंनी वंदनाला मायेने जवळ बसवलं, नाव विचारलं. मग आडनाव. आपल्याकडे आडनाव कळलं की सगळं कळतं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर आहे, हेही कळलं. बाई उठल्याच. जेवायला साहेबांचे पाहुणे आणि मी आत टेबलावर, वंदनाचं ताट मागच्या ओसरीत.

"तिथे वारा छान येतो," बाई म्हणाल्या.

वारा म्हणे! असा संताप आला! मी माझं ताट उचललं आणि ओसरीत जाऊन बसले. आत साहेब पाहुण्यांना सांगत होते, "जन्मतः सगळी माणसं समान! काय वाक्य आहे! अगं, वरण आण."

"मॅडम, उद्या परीक्षक हेच हायेत काय?" वंदनाने विचारलं.

"हो."

ती भात कालवायला लागली.

दुसऱ्या दिवशी भाषण तिने झकास केलं. मग साहेबांनी प्रश्न टाकला, "समतेचं लिहिणाऱ्यांनीच गुलाम पाळले. त्यांना हे जमलं कसं?"

"जमते ना, सर," वंदना म्हणाली. "काल तुम्ही मले ओसरीत जेवाले बसवलं, अन् आत समतेवर बोलून राहिले होते. तसंच."

नंबर आला तो राष्ट्राध्यक्षांची नावं घडाघडा म्हणणाऱ्या एका मुलाचा. वंदनाला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

"मुलगी हुशार आहे, पण संस्कार कमी पडले," साहेब मला म्हणाले.

"आपल्याकडे एक रात्र राहिली ना, तेवढ्यात बिघडले असतील," मी म्हटलं.

त्यांनी भेट दिलेलं जाडजूड पुस्तक मी परतीच्या एसटीत विसरले, अगदी आठवणीने. वंदना रस्ताभर रडली. माझ्याजवळ राहिला आहे तो उमरेडचा स्टँड. तिथे तिचे बाबा उभे होते.

"नंबर?"

"नाई आला, बाबा."

मी झालं ते सगळं सांगितलं. ते लेकीकडे वळले.

"सगळ्याइच्या समोर बोलली तू?"

तिने मान डोलावली.

"मंग पाहुण्याइले निरोप धाडतो," ते म्हणाले, "येऊ नका म्हणून."