कातळावरचा आंबा

आमच्या गावामागचा डोंगर सिन्नरहून जीपने येताना लांबूनच दिसतो. आधी काळ्या कातळाची उभी भिंत, तिच्यावर झाडांची आडवी हिरवी ओळ, मग पुन्हा भिंत, पुन्हा ओळ आणि माथ्यावर सपाट, उघडा सडा. वडील म्हणायचे, "डोंगरानं पट्ट्यापट्ट्याचं बनियन घातलंय."

ते सिन्नरच्या एका कारखान्यात हेल्पर होते. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन डोंगर चढायचे आणि सड्याच्या कडेला टोपी गच्च धरून बसायचे. वर वारा फार. त्यांनी मला एकदा तिथेच विचारलं होतं, "झाडं अशी ओळीनंच का गं येत असतील? मधल्या भिंतीवर काय नाय, अन् वर नुसतं गवत."

मी तेव्हा बारावीत होते. मला सांगता आलं नाही.

पुढे नाशिकला वनस्पतिशास्त्राला असताना सर आम्हाला एका डोंगरावर घेऊन गेले. त्यांनी आमचे हात खडकावर टेकवले. आपले डोंगर थरांचे आहेत, म्हणाले. काळा पाषाण घट्ट असतो. त्याच्यात पाणी शिरत नाही, मुळं शिरत नाहीत, आणि तो तुटतो तोही सरळ कड्यासारखा. त्याच्या वरचा मांजऱ्या खडक भोकाभोकांचा आणि मऊ. तो झिजतो, त्याची माती होते, उताराला पायरी पडते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. मुरत आलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि बाजूने पाझरत राहतं. जांभूळ, हिरडा, आंबा त्या पायरीवर उभे असतात. वर सड्यावर बोटभर माती. तिथे पावसाळ्यात तेरडा आणि सोनकी फुलतात, बस.

त्या संध्याकाळी मी वसतिगृहावर न जाता एसटी पकडून घरी आले. वडील जेवत होते. मी ताटाशेजारी भाकरीवर भाकरी रचून त्यांना डोंगर समजावून सांगितला. ते हात वाळेपर्यंत ऐकत राहिले. नंतर कित्येक दिवस जीपमध्ये शेजारी बसेल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीला डोंगराच्या पोटातलं कळतं." आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझ्या पदवीचं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

ते गेल्या श्रावणात गेले.

आमच्याकडे आता बरीच घरं रक्षा गोदेत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेऊन त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. आम्हाला शेत नव्हतं. आई म्हणाली, "ते बसायचे तिथंच लावू. आंबा लावू." सावडण्याच्या दिवशी काका पहार घेऊन सड्यावर गेले. पहार हातभर खाली गेली आणि ठण्ण वाजली. मला तो आवाज ओळखीचा होता, पण त्या दिवशी मी काही बोलायच्या अवस्थेत नव्हते. बायकांनी पाट्यांतून माती वर आणली, तीत रक्षा कालवली आणि आंबा लावला.

पावसात तो छान उभा होता. दिवाळीनंतर मी गावी आले तेव्हा पानं कडेने करपली होती. आई रोज सकाळी कॅनने पाणी वर नेत होती. तिचे गुडघे सुजलेले मला उंबऱ्यातच दिसले.

"असं किती दिवस चढशील?" मी विचारलं.

"तो जगंल तवर."

"आई, तिथं खाली कातळाचा वाडगा आहे. पावसात त्यात पाणी तुंबतं, थंडीत आटून जातं. मुळांना जायला वाटच नाही. तू कितीही पाणी घातलंस तरी उन्हाळा निघणार नाही."

आई माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंस तसं मला सांग."

मी भाकरीचं टोपलं जवळ ओढलं. ऐकून झाल्यावर तिने वरून दुसऱ्या भाकरीवर बोट ठेवलं. "म्हंजी हितं न्यायचा."

काका मात्र भडकले. "वहिनी, झाड न्याल, पण दादा तिथंच राहतील ना? रक्षा का उकरायची असती?"

 तरी दुसऱ्या दिवशी आई वर निघाली. काका रागात का होईना, पहार घेऊन मागून आले. आम्ही कडेने माती मोकळी केली. काकांनी खाली पहार सरकवून हलकंच उचललं आणि आंबा मातीच्या सगळ्या गोळ्यासह वर आला, कुंडीतून निघावा तसा. मुळं कातळाला लागून गोल गोल फिरली होती. बायकांनी आणलेली माती, तिच्यात कालवलेली रक्षा, सगळं त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. खाली उघडा काळा पाषाण दिसत होता.

काकांनी टोपी काढली. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बघा भाऊजी, ते पण येत्यात. नाय तरी त्यांना वरचं वारं कुठं सोसत होतं?"

काका हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले. गोळा फडक्यात बांधून आम्ही तो आळीपाळीने खाली आणला. पायरीवर एका जांभळाजवळ, जिथे दगडाखालून ओल येत होती, तिथे पहार टाकली. ती वाजली नाही, नुसती रुतत गेली. गोल फिरलेली मुळं मी हळूच सोडवली आणि आंबा लावला.

दोन-तीन महिने त्याने काहीच केलं नाही. सगळी जुनी पानं गळाली. काका मला फोनवर एवढंच सांगायचे, "काडी हाय, हिरवी हाय." आई मधूनमधून जायची, पण आता चढ अर्धाच होता आणि पाणी झिऱ्याचंच मिळत होतं. होळीनंतर मी गेले तेव्हा शेंड्याला तांबूस, लवलवती पालवी होती.

परतीच्या जीपमध्ये आई मला सिन्नरपर्यंत सोडायला आली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मालकांचा आंबा जगला म्हणं? कुठं लावलाय?"

आईने खिडकीतून हात बाहेर काढला.

"तो काय," ती म्हणाली, "बनियनच्या दुसऱ्या पट्ट्यात."