ताईला अडलेले शब्द

कोडी रचणाऱ्या माणसाला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक असतं. मला तर जरा जास्तच आहे. दर रविवारी सकाळी मी चौकटीच्या कागदावर शब्दकोडं रचते, त्याचा फोटो काढते आणि कळव्याला ताईला पाठवते. लहानपणी मोहने गावात, वडिलांच्या क्वार्टरमध्ये, आम्ही दोघी रविवारच्या पेपरातल्या कोड्यावरून भांडायचो. भावोजी गेल्यावर ताई एकटी पडली, म्हणून मी हे सुरू केलं. निदान सगळ्यांना मी असंच सांगत असते.

या हिवाळ्यात मला थंडीचा आणि बागेचा नाद लागला. ‘वांगी भरावी लागतात, ही थंडीत आपोआप भरते. चार अक्षरी.’ म्हणजे हुडहुडी. ‘बोलायची नाही, वेणीत मात्र मिरवायची. तीन अक्षरी.’ म्हणजे अबोली. डोंबिवलीतली थंडी ती केवढी, एका शालीत भागते. पण कोड्यात मी दव पाडलं, धुकं पसरलं, शेकोट्या पेटवल्या. ताई दुपारपर्यंत सगळं सोडवून फोटो परत पाठवायची. एखादा शब्द मात्र हटकून रिकामा असायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘हा अडला गं.’

मला कोण आनंद व्हायचा! मी लगेच उत्तर टाइप करायचे, पुढे जीभ काढलेला चेहरा टाकायचे आणि मानपाड्याला भाजी आणायला निघायचे. डिसेंबरात एकदा मी लिहिलं, ‘गवत खरं, पण गाईला नाही, आधणाला घालायचं. पाच अक्षरी.’ तेही तिला अडलं. ताईची विकेट काढली म्हणून मी घरभर सांगत सुटले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन तिच्याकडे गेले. डोंबिवलीहून कळवा काही सातासमुद्रापार नाही, तरी गणपतीनंतर पहिल्यांदाच जात होते. ताईचे गुडघे गेलेत, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून ती फारशी उतरतच नाही.

तिने चहाचं आधण ठेवलं. बाल्कनीत जाऊन कुंडीतल्या गवती चहाची पाती कात्रीने कापली, गाठ मारली आणि आधणात टाकली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, “ताई, हे घरात असून तुला अडलं?”

“अडलं कुठे गं?” ती गाळणं शोधत म्हणाली. “सगळं पुरं करून पाठवलं की तुझा नुसता अंगठा येतो. एखादा शब्द सोडला की वाटायचं, चिडवायला तरी फोन करशील. तू आपली टाइप करून मोकळी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. माझी मलाच लाज वाटली. माझा रविवार मी तिला देते, या तोऱ्यात मी वावरत होते आणि खरं तर एका फोटोवर तिची बोळवण करत होते. कोडं पाठवलं की जायला नको, हे मनात कुठेतरी मला ठाऊक होतंच. तेच जास्त लागलं.

“मग तू का नाही केलास फोन?” मी विचारलं. विचारतानाच आपण पळवाट शोधतोय हे कळत होतं.

“केले की सुरुवातीला. तू नेहमी गडबडीत असायचीस. मग म्हटलं, कशाला.”

चहा चांगला झाला होता. तो संपवता संपवता माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि ते ताईने पाहिलं.

“निघ आता,” ती म्हणाली, “घरी जेवायला खोळंबले असतील.”

कुणीही खोळंबलं नव्हतं. संध्याकाळ होईल, असं मी घरी सांगूनच आले होते. तरी मी पर्स उचलली.